बारशाच्या घुगऱ्या

दरवर्षी १३ जानेवारीच्या रात्री आमच्या घरी दोन किलो चवळी भिजत पडते. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत एवढे मोठे पातेले ठेवायचे कोठे, हा प्रश्न दरवर्षी पडतो आणि दरवर्षी ते शिवणयंत्राखाली जाते. शेजारी त्या सुमारास संक्रांतीची गडबड असते. वाणाची तयारी, तिळगूळ, भोगीची भाजी. धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी संक्रांत नाही. शेजारच्या काकू प्रेमाने तिळगूळ देतात, तो आम्ही प्रेमाने खातो, पण आमचा सण दुसरा. १४ जानेवारी हा आमचा नामविस्तार दिन. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले.

“सणाला चवळी?” आमच्या नव्या सुनेने पहिल्या वर्षी विचारले होते. तिचे माहेर मुंबईचे. “पुरणपोळी नाही, खीर नाही, आणि चवळी?”

तिला आम्ही सांगितले ते वाचकांनाही सांगतो. मूल जन्मले, त्याचे नाव ठेवले, की आपल्या मराठवाड्याच्या खेड्यांतून घुगऱ्या वाटतात. हरभरा, गहू, ज्वारी, मटकी, चवळी, घरात जे असेल ते सबंध उकडायचे, मीठ घालायचे आणि ओंजळ ओंजळ वाटायचे. घुगऱ्या खाल्ल्या की तो माणूस त्या नावाचा साक्षीदार झाला. म्हणूनच म्हातारी माणसे पोराटोरांना दटावतात, “तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, मला नको शिकवू!” आमच्या आजीने हेच एका विद्यापीठाच्या बाबतीत केले.

ती हकीकत सांगायची तर १९७८ पासून सुरुवात करावी लागते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमचे गाव परभणीकडचे, नाव सांगत नाही, कारण आज तिथल्या पोरांशी आमची पोरे बोलतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमची वस्ती जळाली. माणसे वाचली, कारण आम्ही ज्वारीच्या रानात रात्र काढली होती. सकाळी परत आलो तेव्हा कणगी गेली होती, गोधड्या गेल्या होत्या, थोरल्या भावाची मॅट्रिकची पुस्तके गेली होती. आजी मात्र सरळ जिथे चूल होती तिथे गेली आणि राख उकरू लागली. आम्हाला वाटले, म्हातारीला वेड लागले.

तिने मातीचे एक मडके बाहेर काढले. गळ्याला तडा गेला होता. कडधान्याला कीड लागू नये म्हणून आपल्या बाया ते चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळून मडक्यात भरून ठेवतात, वरूनही राखेचा थर देतात. त्या मडक्यात चवळी होती. वरची वीतभर करपून कोळसा झालेली, तळची शाबूत. तीन पायली असेल नसेल. ती फडक्यात बांधून आम्ही जालन्याला आलो, आणि जालन्याहून औरंगाबादला. पहिले पंधरा दिवस एका नातेवाइकाच्या पत्र्याच्या खोलीत अकरा माणसांनी तीच चवळी खाल्ली. मीठ, मिरची आणि चवळी. भाकरी मिळाली तर भाकरी. आमच्यापैकी जे त्या वेळी लहान होते त्यांना त्या धुरकट वासाची एवढी शिसारी बसली की पुढे कित्येक वर्षे ते चवळीच्या ताटावर बसत नसत.

त्याच दिवसांत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारल्याची बातमी आली. आमचे नुकसान त्यापुढे काहीच नव्हते, असे आजी म्हणे. पुढे साडेपंधरा वर्षे मोर्चे, लाँग मार्च, लाठ्या, तुरुंग. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आणि मग १४ जानेवारी १९९४ ची बातमी आली. नामांतर नव्हे, नामविस्तार. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले. गल्लीत काहीजण नाराज होते, काहीजण नाचत होते, पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. आजी म्हणाली, “नाव ठेवलं ना? मग घुगऱ्या नकोत का?” घरात चवळी होती. तिने ती न भिजवताच चुलीवर चढवली आणि रात्री गल्लीत दारोदार एकेक ओंजळ दिली. पुढच्या वर्षीपासून आम्ही पातेले विद्यापीठ गेटवर न्यायला लागलो. आजी आता नाही, पातेले जाते.

आता जाण्याची वाट. आम्ही मुकुंदवाडीहून सिटी बसने निघतो आणि भडकल गेटला उतरतो. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, बसवरच्या पाट्या बदलल्या, पण उतारूंच्या तोंडी दोन्ही नावे येतात. ज्यांनी एका नावासाठी एवढी वर्षे वाट पाहिली त्यांना नावाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायचे आणि पातेल्याच्या दोन कड्या दोघांनी धरून पायी चालायचे. खाम नदी ओलांडली की नागसेनवनाची झाडी लागते. इथे १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. थोरला भाऊ शेवटी इथेच शिकला. खेड्यातून एस.टी.च्या टपावर पोरांचे डबे यायचे, आणि डबा उघडला की कोणाच्या गावाला कोणते पीक आले ते कळायचे, असे तो सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यांच्या डब्यांत चवळीच्या शेंगा.

कारण चवळी हे मुख्य पीक नव्हेच. बाजरीच्या चार ओळींत एखादी ओळ तिची. पाऊस कमी झाला तरी तग धरते, बाजरीच्या सावलीत वाढते, मुळावरच्या गाठींनी जमिनीला नत्र देते. कोवळ्या शेंगांची भाजी होते, वाळल्या की दाणे मिळतात, उरलेला पाला जनावराला. मालकाचे लक्ष बाजरीवर, म्हणून आंतरपिकाच्या शेंगा निंदणाऱ्या-खुडणाऱ्या बायांच्या ओट्यात थोड्या जास्त पडल्या तरी तो फारसे बोलत नसे. पीक निघाल्यावर सरवा वेचायला जायचे ते वेगळेच. आमच्या आजीची चवळी अशी ओट्या-ओट्याने जमलेली होती. (बाजारात ‘चवळई’ म्हणून जी पालेभाजी मिळते ती या झाडाची नव्हे. ती माठाच्या जातीची. नवी सून पहिल्या वर्षी तिच्या दोन जुड्या घेऊन आली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो. ते बरे केले नाही.)

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा. आज आपल्याला ते सोपे वाटते. पण ज्यांच्या घरी बलुत्याची भाकर आणि ओढलेल्या ढोराचे मांस हेच वर्षाचे अन्न, त्यांनी ते सोडले तर शिजवायचे काय? आमच्या पणजोबांनी सोडले तेव्हा घरात हुलगे, मटकी आणि चवळी शिजली. हुलग्याचे माडगे, मटकीचे कालवण, चवळीच्या घुगऱ्या. कोणाच्या दारातून मागून आणलेले नव्हे, आपल्या मजुरीचे. आमच्या घरात चवळीला मान आहे तो यासाठी. १०० ग्रॅम सुक्या चवळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात हे आम्हाला फार उशिरा कळले.

आणि तरीही आम्ही तिची लाज बाळगली. शहरात आल्यावर शाळेच्या डब्यात भाकरी आणि चवळी नेताना धाकटीने डब्याचे झाकण अर्धेच उघडायचे, घास घ्यायचा, झाकण लावायचे. पोळी-बटाटा नेणाऱ्या मुली शेजारी बसलेल्या. तिला कोणी काही बोलले नव्हते. बोलायची गरजही नव्हती. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजायचे याचे. ते धाकटीने एका बैठकीत वाचले आणि फोन करून म्हणाली, “अगं, आपला स्वयंपाक पुस्तकात छापलाय!” २०२४ साली ते इंग्रजीतही गेले.

नागसेनवनातून चालताना आणखी एक गोष्ट आम्ही पोरांना सांगतो. नागसेन आणि मिलिंद ही नावे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातली. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतात. एके ठिकाणी नागसेन विचारतात, महाराज, तुमचा जन्म कोठला? राजा म्हणतो, अलसंद नावाच्या बेटावरचा. आता गोव्यात चवळीला काय म्हणतात? अळसांदे! कानडीतही तसेच काहीसे. नुसत्या नावाच्या सारखेपणाने काही सिद्ध होत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण मिलिंदच्या दारातून चवळीचे पातेले नेताना हा विनोद केल्यावाचून राहवत नाही.

चवळी मूळची आफ्रिकेची. तिथेच तिची लागवड सुरू झाली, आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. पश्चिम आफ्रिकेत तिचे दाणे वाटून वडे तळतात. युरोपी व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबले तेव्हा त्यांच्याबरोबर हा दाणाही समुद्रापार गेला. ब्राझीलच्या बाहियात त्यांच्या लेकी आजही तेच वडे रस्त्यावर विकतात. अमेरिकेत गोऱ्यांनी तिला गाईचा वाटाणा म्हटले. गुरांनी खायचा आणि गुलामांनी खायचा. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री हे लोक आपल्या प्रार्थनाघरांत जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात यायचा होता. आज दरवर्षी १ जानेवारीला त्यांच्या घरोघरी चवळी आणि भात शिजतो, सोबत पालेभाजी. त्याच १ जानेवारीला आपली माणसे भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात, आणि आमच्या गल्लीतल्या बसमध्ये कोणाच्या ना कोणाच्या शिदोरीत चवळीची उसळ असतेच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तारीख एक आहे, दाणा एक आहे, एवढेच.

अमेरिकेतले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे गुलामीत जन्मलेले गृहस्थ पुढे टस्कीगीच्या संस्थेत शेतीचे प्राध्यापक झाले. कापसाने थकलेल्या जमिनीत चवळी पेरा, जमीनही सुधारेल आणि पोरांना खायलाही मिळेल, असे ते गरीब शेतकऱ्यांना सांगत. आमच्या परभणी-जालन्याकडच्या कापूसवाल्यांनाही ते सांगण्याजोगे आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेत शिकून आलेले मिलिंदचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा याच नागसेनवनात केली. चवळीची चर्चा मात्र कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुरुषमंडळी होती!

बरे, आता करायची कशी ते. शक्यतो गावरान चवळी घ्यावी, बारीक आणि तांबूस असते, चव तिलाच. आम्ही जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून आणतो. ती नाही मिळाली तर काळ्या डोळ्याची पांढरी चालते. निवडून, दोनदा धुऊन रात्रभर भिजवावी. घाईचे असेल तर न भिजवताही शिजते, हरभऱ्यासारखी हट्टी नाही. सकाळी पाणी काढून टाकावे, नव्या पाण्यात मीठ व चिमूटभर हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवावी. कुकर वापरू नये, घुगऱ्यांचे पिठले होते. दाणा बोटाने दाबला की दबला पाहिजे आणि साल सुटता कामा नये, तिथे उतरवावी आणि निथळावी. मग पाट्यावर ठेचलेला लसूण, जिरे आणि सुक्या मिरचीची थोड्या तेलात फोडणी, वरून कोथिंबीर. आजीच्या काळी फोडणी नव्हती, नुसते मीठ आणि वाटलेली मिरची. कांदा कापून वेगळ्या डब्यात न्यावा, आधी कालवला तर दुपारपर्यंत घुगऱ्या वासाळतात.

निथळलेले पाणी फेकू नका. कढईत सुके खोबरे, लसूण, कांदा भाजून वाटावे, फोडणीत परतून त्यात काळा मसाला आणि चमचाभर येसर टाकावे, मग हे पाणी ओतून मूठभर शिजलेली चवळी ठेचून घालावी. उकळी आली की झाले. संध्याकाळी थकून परतल्यावर बाजरीच्या भाकरीबरोबर हे कालवण जे लागते, ते गेटवरच्या कुठल्याही स्टॉलवर मिळत नाही.

गेटवर स्टॉल खूप असतात. पुस्तकांचे, फोटोंचे, निळ्या झेंड्यांचे, ठिकठिकाणी भोजनदान, एकीकडे भीमगीते तर दुसरीकडे सभा. परभणी, नांदेड, बीड, हिंगोलीहून माणसे येतात, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया गेटपुढे माथा टेकतात. आम्ही एका कडेला पातेले मांडतो आणि द्रोण भरू लागतो. मागे एका वर्षी पुतण्या म्हणाला, “काका, लोक पुलाव वाटतायत, आपण काय घुगऱ्या? आणि बारसं ही त्यांची रीत. आपण नामकरण विधी करतो, त्रिशरण-पंचशील घेतो.” पोराचे बोलणे अगदीच टाकाऊ नव्हते. घरी दोन दिवस वाद झाला. शेवटी आमचे मत असे पडले की पाचवी, सटवाई, पंचांग या त्यांच्या रिती, त्या गेल्या. पण धान्य उकडून चार माणसांना वाटायला भटजी लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही. पुतण्याला सगळे पटले असे नाही. पण हल्ली पातेल्याची एक कडी तोच धरतो.

गेल्या खेपेला एक आजीबाई रांगेत आल्या, नव्वदीच्या असतील, नातीच्या खांद्यावर हात. द्रोण हातात घेऊन विचारले, “कशाच्या गं माय?”

“चवळीच्या घुगऱ्या, आजी.”

“बारसं हाय का कुनाचं?”

सुनेने गेटकडे बोट केले. त्यांना नीट दिसत नव्हते, नातीने कानात मोठ्याने सांगितले. आजीबाई हसल्या, तोंडात दात नव्हता, एकेक दाणा हिरडीने चिरडत उभ्या उभ्या सगळा द्रोण संपवला आणि दुसरा मागितला. “एक पोचिरामचा,” म्हणाल्या. नात म्हणाली, त्या टेंभुर्णीकडच्याच आहेत. आम्ही काही बोललो नाही. सुनेने द्रोण शिगोशीग भरून दिला. तो त्यांनी खाल्ला नाही, पदरात बांधून घेतला.

दुपारनंतर पातेले रिकामे झाले की आम्ही मागच्या डोंगरातली बुद्धलेणी बघायला जातो. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे दगडात कोरलेले उपासक-उपासिका गुडघे टेकून बसले आहेत, माणसाएवढे, हात जोडून. पोरे त्यांच्यात आपल्या ओळखीची तोंडे शोधतात. कोणाला मावशी सापडते, कोणाला मुख्याध्यापक. आत त्रिशरण म्हणून खाली उतरायचे आणि झाडाखाली बसून डब्यात बाजूला काढून ठेवलेल्या आपल्या वाट्याच्या घुगऱ्या खायच्या. या वर्षी त्या उरल्याच नाहीत, सून सगळ्या वाटून बसली होती. पोरांनी तिथेच ठरवून टाकले की पुढच्या वर्षी तीन किलो भिजवायची. तेवढे मोठे पातेले शिवणयंत्राखाली मावणार नाही.